सायलेन्सरवरचा पत्रा

परवा जळगावला गॅरेजवाला गाडीखालून म्हणाला, "भाऊ, सायलेन्सरवरचा पत्रा खडखडतोय. काढून टाकू? काही फरक पडत नाही."

"नको! घट्ट बसव," मी जरा जास्तच जोरात बोललो.

माझ्या पहिल्या गाडीचा तो पत्रा मीच काढून फेकला होता. खडखड ऐकवत नव्हती, एवढंच कारण. त्याच मे महिन्यात आईला, म्हणजे अक्काला, घेऊन धरणगावहून धुळ्याला निघालो. "गाडी लक्ष्मी शे, चपला घालीसन कशी बठू?" म्हणत तिने चपला काढल्या. पायाखालची मॅटही मळू नये म्हणून गुंडाळून ठेवली. मला हसू आलं. वाटेत तापलेल्या रबराचा वास येत होता; मला वाटलं, ऊन आहे.

धुळ्यात ती उतरली तेव्हा दोन्ही तळव्यांना मोठाले फोड आले होते. साखरेच्या आजाराने तिचे पाय कधीचे बधिर झाले होते. मला ते माहीत होतं. तो पत्रा सायलेन्सरची धग गाडीच्या तळाला लागू देत नाही, हे मात्र माहीत नव्हतं.

एका पायाची जखम अक्का वारली तोवर भरली नाही.

"अक्का, चटका नाही लागला?" मी तेव्हा विचारलं होतं.

"माले काहीच समजनं नई रे." मग माझा चेहरा पाहून ती घाईने म्हणाली, "पन तुनी गाडी आज कशी गुपचूप चालनी!"