पोळ्याच्या आदल्या दिवशीचा बोल्ट

खुशालरावांच्या मोटरसायकलला आजवर एकाही मिस्तरीचा हात लागला नव्हता. वलगावात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक. चेन सैल झाली, क्लचची तार तुटली, प्लगवर काजळी धरली, की हा माणूस अंगणातल्या लिंबाखाली गोणपाट अंथरून बसायचा आणि कुणी मधे बोललं की वस्सकन अंगावर जायचा. "तुह्या बापानं उघडलं होतं का कधी इंजिन? मंग गप बस." वावरातलं डिझेल इंजिन त्यांनी तरुणपणी एकट्यानं खोलून जोडलं होतं. तेव्हापासून लोखंडाच्या बाबतीत दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही, हे ठरलेलं.

बैलजोडी विकली त्याला बरीच वर्षं झाली. पण पोळ्याच्या आदल्या दिवशी घरोघरी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळतात, तेव्हा रिकाम्या गोठ्याकडं बघत बसणं त्यांना जमेना. म्हणून त्या दिवशी गाडीचं ऑइल बदलायचं, असा त्यांनी नेमच करून टाकला. जुनं तेल काढायचं, नवं घालायचं, इंजिन फडक्यानं पुसायचं आणि हँडलवर हात ठेवून, बैलांना म्हणतात तसं म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

शेजारची जमुनाकाकू कुंपणावरून हसायची. "भाऊजी, तुमचा बैल पुरणपोळी खाते का पेट्रोल पेते?"

"तुह्या घरच्यापेक्षा कमीच पेते!"

गाडीवर ते दोनच ठिकाणी जायचे. रोज वावरात, आणि दर शनिवारी नांदगाव खंडेश्वरला, थोरल्या बहिणीकडं. माणिकबाई खाटेला खिळलेली. भावाच्या गाडीचा आवाज ती गल्लीच्या तोंडाशीच ओळखायची. आई-बाप गेले, बायको गेली, संगतीचे गेले. नुसतं 'खुशाल' म्हणून हाक मारणारं तेवढंच एक तोंड उरलं होतं.

या पावसाळ्यात ते गावाबाहेर गाडीवरून पडले. रस्त्याला खड्डा, खड्ड्यात पाणी. खड्ड्याबद्दल कुणी ब्र काढला नाही, सगळ्यांनी वय काढलं. आपल्याकडं रीतच अशी, रस्ता फुटला की जाणाऱ्याचा जन्मदाखला मागायचा. अकोल्यात नोकरीला असलेला मुलगा शेखर पोळ्यासाठी बायकोला, आरतीला घेऊन आला, तो गाडी घेऊनच परत जायचं ठरवून.

"बाबा, हट्ट सोडा. एस.टी. हाये, ऑटो हाये."

"ऑटोवाला वावरापर्यंत येईन का चिखलात? अन् माह्या बहिणीकडं मी काय पाहुण्यासारखा जाऊ?" खुशालरावांचा आवाज चढला. मग ते म्हणाले, "आयक. उद्याचं ऑइल माह्या हातानं काढतो, माह्या हातानं बोल्ट परत लावतो. ज्या दिवशी हे जमलं नाई, त्या दिवशी चावी तुही. मांगायचंबी काम नाई."

"पण मंग शब्द फिरवू नका."

"तुह्यासारखा आहो का मी?"

शेखरला एक गोष्ट ठाऊक नव्हती. साखरेच्या दुखण्यानं खुशालरावांच्या बोटांची टोकं कधीची बधिर झाली होती. शर्टाची गुंडी त्यांना खाली बघून लावावी लागायची. हे त्यांनी डॉक्टरलासुद्धा सांगितलं नव्हतं. सांगून तो काय करणार, आणखी एक गोळी लिहून देणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गाडी थोडी चालू ठेवून इंजिन गरम केलं, म्हणजे तेल पातळ होतं. खाली घमेलं सरकवलं. इंजिनाच्या पोटाला तेल काढायचा बोल्ट असतो, त्याला पाना लावला. पाना वावरातल्या डिझेल इंजिनाचा, वापरून वापरून तोंड फाकलेला. गेल्या पोळ्याला हाच बोल्ट त्यांनी पान्याच्या दांड्यात लोखंडी पाइप घालून आवळला होता. डिझेल इंजिनाचे जाडे बोल्ट असेच आवळतात, नाहीतर धडधडीनं सुटतात. पण मोटरसायकलचा बोल्ट म्हणजे काय, सुपारीएवढं त्याचं डोकं.

पाना अर्धाच बसला होता. पूर्वी हे बोटांनी सांगितलं असतं. आता बोटं गप्प. खुशालरावांनी सगळं अंग घालून हिसका दिला. कर्र झालं, पाना फिरला. सुटला असं वाटून त्यांनी आणखी एक हिसका दिला, मग आणखी एक. तेलाचा थेंब येईना. वाकून पाहिलं तर बोल्टाच्या कडा गेलेल्या, डोकं गोल गुळगुळीत.

"काय झालं बाबा?" ओट्यावरून शेखरनं विचारलं.

"काई नाई. गरम हाये."

त्यांनी रिंग पाना घातला, तो नुसता गोल फिरला. गोटी-पान्याची जरा लहान टोपी हातोडीनं ठोकून डोक्यावर बसवली. ती लोखंडाचा कीस घेऊन निघून आली. गाडीखाली वाकून मान अवघडली, कपाळाचा घाम डोळ्यात उतरू लागला. ऑइल नाही निघालं तर शनिवार गेला. आणि शनिवार गेला की बहीण दाराकडं बघत राहणार.

चहा घेऊन आलेली आरती एकदम ओरडली, "मामाजी! हात!"

तोल सांभाळायला त्यांनी डावा हात टेकला होता, तो तापलेल्या सायलेन्सरवर. चामडी जळाल्याचा वास येत होता. खुशालरावांनी हात उचलला आणि दुसऱ्या कुणाचा असावा तसा पाहिला. बोटांवर पांढरे फोड धरत होते.

"लय नाई पोळलं."

"पोळलं ते कळलं का तुमाले?" आरतीनं हळू आवाजात विचारलं.

तिनं पितळी गुंडातलं पाणी त्यांच्या हातावर धरलं. पाण्याखालचा हात बघत ते म्हणाले, "शेखरले सांगू नको, पोरी."

ती आत गेली नाही. पदर खोचून गोणपाटावर त्यांच्या बाजूला बसली.

"मिस्तरीले बोलावू का?" शेखर आता अंगणात उतरला होता.

"बोलाव न. हे हातोडी त्याच्या टाळक्यात घालतो!"

मग त्यांनी छिन्नी घेतली. बोल्टाच्या कडेला ती तिरपी धरायची आणि सुटायच्या दिशेनं ठोकायचं, म्हणजे डोकं गोल असलं तरी धार लोखंडात रुतून त्याला फिरवते. फक्त धार नेमकी टेकली पाहिजे, आणि खुशालरावांना तेच कळत नव्हतं. "टेकली का?" ते विचारत. "जराशी वर. हां, आता," आरती सांगे. घाव बसे. छिन्नी सटके. पुन्हा "टेकली का?" पुन्हा घाव. शेवटी बोल्ट कुरकुरला, तसूभर हलला, आणि काळं तेल घमेल्यात भसकन आलं.

"सुटला काय भाऊजी?" कुंपणावरून जमुनाकाकू.

"सुटला नाई, सोडला!" खुशालराव असे ओरडले की लिंबावरचे कावळे उडाले. शेखरलाही हसू आलं. बापाच्या हट्टाचा राग विसरून तो स्वतः जाऊन स्टँडवरच्या दुकानातून नवा बोल्ट आणि वायसर घेऊन आला.

नवा बोल्ट पान्यानं लावत नाहीत. आधी चिमटीत धरून फिरवतात. पहिला आटा नीट धरला की नाही ते बोटालाच कळतं. खुशालरावांनी बोल्ट भोकाला लावला. तो घमेल्यात पडला. काढून, पुसून पुन्हा लावला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा तो टिकला, तसा त्यांनी घाईनं पाना उचलला.

"मामाजी, थांबा," आरती म्हणाली. "तिरपा जाऊन राहिला."

त्यांना काही जाणवलं नव्हतं. आणखी जोर लावला असता तर इंजिनाचेच आटे गेले असते, हे त्यांच्याइतकं अंगणात कुणाला कळत नव्हतं. त्यांनी मान वर केली. शेखर सगळं बघत उभा होता. नजरानजर होताच तो वळला आणि लिंबाच्या फांद्यांकडं बघू लागला, जणू तिथं काही मोठं काम निघालं होतं. पोरगा भांडला असता तर चाललं असतं. त्यानं पाहून न पाहिल्यासारखं केलं, हे खुशालरावांना वर्मी लागलं.

"तू लाव," ते आरतीला म्हणाले.

तिनं चिमटीत धरून फिरवला. बोल्ट सरळ आत गेला.

नवं तेल त्यांनीच ओतलं. ओतून झाल्यावर खिशातून चावी काढली आणि शेखरसमोर धरली.

"राहू द्या न बाबा. बोल्ट तर तुमीच काढला."

"अन् लावला कोणं?"

"वावरापुरती ठेवा. नांदगावले मी येऊन नेत जाईन तुमाले."

"अकोल्याहून? दर शनिवारी?" खुशालराव कसंनुसं हसले. "शब्द फिरवू नका म्हणे, तूच म्हणाला न? आता तूच फिरवून राहिला. घे."

शेखर हात पुढं करेना. खुशालरावांनी त्याचा हात ओढून चावी तळव्यावर ठेवली, आणि फोड आलेला हात खिशात घालून ते घरात निघून गेले.

पोळ्याच्या दिवशी पुरणपोळीचा डबा घेऊन बाप-लेक नांदगावला निघाले. खुशालराव पहिल्यांदाच मागं बसले. हात कुठं ठेवावेत ते कळेना. मुलाच्या खांद्यावर ठेवायची लाज वाटली, म्हणून डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला. वाटेत एक म्हैस आडवी आली, तसा त्यांचा उजवा पाय जोरानं खाली दाबला गेला. खाली ब्रेक नव्हता, नुसता पाय ठेवायचा दांडा होता.

"नीट बसले न बाबा?"

"बसलो," ते म्हणाले. "तू समोर पाह."