डाग्नीच्या दोन हातांतली दोन मते

आपले मत काय आहे, हा प्रश्न डाग्नीला आयुष्यात फारसा कोणी विचारला नव्हता. तिने वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात काम केले होते, आणि तेथे चादरींना कोणी मत विचारत नाही, तसे चादरी धुणारीलाही विचारत नाही, असे ती स्वतःच हसून सांगे. निवृत्तीनंतर ती गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्यावरील लहान घरात एकटी राहत होती. तिच्या घरापुढे फक्त आंकर नावाच्या शेतकऱ्याचे घर व गोठा होता, आणि गोठ्यापाशी रस्ता संपत होता. म्हणून त्या हिवाळ्यात पाणीसंस्थेचा प्रमुख एवाल्ड दारात उभा राहून, "डाग्नी, पाण्याच्या दराबद्दल तुझं मत हवंय," असे म्हणाला, तेव्हा तिने प्रथम मागे वळून पाहिले. घरात दुसरे कोणीच नव्हते.

"माझं?" तिने विचारले.

"तुझ्याकडे नळ आहे ना? मग मतही आहे."

आमच्या ऑस्टरहेडे गावाचे पाणी गावाच्याच मालकीचे आहे. ज्या घरात नळ आला ते घर संस्थेचे सभासद झाले, आणि प्रत्येक नळामागे एक मत ठरले. संस्थेने नफा कमवायचा नाही व तोट्यातही जायचे नाही. दर आधी सभासदांपुढे ठेवायचा, त्यांनी हात वर करून तो ठरवायचा, आणि त्यानंतर नगरपालिकेने त्यास मंजुरी द्यायची, अशी पद्धत आहे. त्या वर्षी पाणी गाळण्याची जुनी टाकी निकामी होत आली होती व नळाला सकाळी तांबूस पाणी येऊ लागले होते. नवी टाकी घ्यावी याविषयी दुमत नव्हते. तिचा खर्च कोणी कसा उचलायचा, एवढाच प्रश्न होता.

एवाल्ड पूर्वी शाळेत सुतारकाम शिकवीत असे, त्यामुळे त्याला वस्तू हातात घेतल्याशिवाय समजावता येत नसे. त्याने साखरेचे चौकोनी खडे टेबलावर मांडले. एक मार्ग असा, की प्रत्येक घराने सारखी वर्गणी द्यायची. दुसरा असा, की जो जितके पाणी वापरेल त्याने तितके द्यायचे.

"दुसरा बरोबर वाटतो," डाग्नी म्हणाली. ती छपरावरचे पावसाचे पाणी पिंपात साठवून त्यावर फरशी पुसत असे व झाडांना घालत असे, आणि या काटकसरीचा तिला मनातून अभिमान होता.

"बरोबर. पण सगळ्यांनी तुझ्यासारखं पाणी वाचवलं तर दर वाढवावा लागेल."

"वाचवलं तर वाढेल?"

"खर्च पाण्याचा नसतो गं. टाकी, पंप, पाइप, यांचा असतो. पाणी कमी विकलं गेलं तरी पाइप तेवढाच लांब राहतो."

"म्हणजे मी इतकी वर्षं पिंप ठेवलं, ती चूक झाली?"

"चूक कशी? तू वाचवलंस ते चांगलंच केलंस."

"मग दर का वाढावा?"

एवाल्डने खड्यांकडे पाहिले, दोन खडे आपल्या कॉफीत टाकले व उरलेले परत भांड्यात ठेवले. तो निघून गेल्यावर डाग्नी बराच वेळ त्या रिकाम्या टेबलाकडे पाहत बसली. तो बोलत असताना तिला सर्व काही पटत होते, आणि तो गेल्यावर नेमके काय पटले होते हे तिला सांगता येत नव्हते.

पुढे मार्चमध्ये, सभेच्या थोडे आधी, आंकर अंगणातल्या बर्फावर घसरला व त्याचे कंबरेचे हाड मोडले. डाग्नी बसने शहरातील रुग्णालयात त्याला भेटावयास गेली. बर्फ पडला की आंकर आपला ट्रॅक्टर घेऊन तिच्या दारापर्यंतचा रस्ता मोकळा करीत असे, आणि त्याबद्दल आभार मानलेले त्याला चालत नसत. दोघांच्या घरांना पाणीही एकाच लांब पाइपने येत होते. पहाटे त्याच्या गाई एकदम पाणी प्यायल्या की डाग्नीच्या नळाची धार बारीक होत असे. त्यावरून, आंकर उठला, हे तिला कळे.

आंकरने उशीखालून एक सही केलेला कागद काढला. आमच्या संस्थेत जो सभेला येऊ शकत नाही, त्याला आपले मत दुसऱ्या सभासदाच्या हाती देता येते.

"हे घे. माझं मत. समान वर्गणीला द्यायचं. माझ्या गाई किती पितात ते तुला माहीत आहे. वापराप्रमाणे दर लागला तर मला दूध सोडून पाणीच विकावं लागेल."

"पण मी तर दुसऱ्या बाजूला देणार आहे, आंकर."

"दे की! तुला कोण अडवतंय? तुझ्या हाताने तुझं दे, माझ्या हाताने माझं."

"पुतण्याला का नाही देत? गाई तोच सांभाळतोय ना सध्या?"

"तो सभासद कुठाय? आणि असता तरी त्याने स्वतःच्या मनाचं दिलं असतं. तू माझ्या मनाचं देशील."

डाग्नीने कागद घडी करून हातपिशवीत ठेवला. परतीच्या बसमध्ये तिला वाटत राहिले, की एकाच बाईने एकाच गोष्टीला होय व नाही म्हणणे हे कोठल्या तरी नियमात बसत नसावे. परंतु तो कोणता नियम, हे तिला आठवेना.

सभेच्या दिवशी सभागृहाच्या दारात प्रत्येक नळामागे एक पिवळे कार्ड मिळत होते. डाग्नीला दोन मिळाली. तिने आंकरचे उजव्या हातात धरले व आपले डाव्या हातात, आणि त्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून, सभेच्या आरंभी नेहमी म्हणतात ते गाणे म्हणतानासुद्धा गीतपुस्तक उघडले नाही. शेजारी तिची मैत्रीण अस्ता बसली होती. अस्ता वापराप्रमाणे दराच्या बाजूची होती, आणि हे तिने रस्त्यात भेटलेल्या प्रत्येकाला सांगून झाले होते.

एवाल्डने दोन्ही मार्ग समजावून सांगितले. या वेळी साखर नव्हती, भिंतीवर चित्रे होती. मागच्या रांगेतून एक जण ओरडला, "एवाल्ड, चित्रं छान आहेत, पण माझ्या चहाचा रंग कधी जाणार ते सांग!" सभा चालविणाऱ्या रूथने टेबलावर हात आपटला. "चहाचा रंग शेवटच्या विषयात येईल," ती म्हणाली.

मतदान झाले. समान वर्गणीला डाग्नीचा उजवा हात वर गेला, वापराप्रमाणे दराला डावा. मोजणाऱ्यांनी दोनदा मोजले, आणि दोन्ही बाजूंचे आकडे सारखे निघाले.

"डाग्नी," रूथने चष्म्यावरून पाहत विचारले, "तुझा उजवा हात डाव्याशी बोलत नाही वाटतं?"

सभागृह हसले. डाग्नीही हसली, कारण इतक्या लोकांनी एकदम तिच्याकडे पाहिलेले तिला आठवत नव्हते.

संस्थेच्या नियमाप्रमाणे बरोबरी झाली तर कॉफीनंतर पुन्हा एकदा मत घ्यावयाचे असते, आणि तेव्हाही बरोबरी झाली तर दोन्ही प्रस्ताव पडतात. रूथने ते वाचून दाखविले. त्यावर मागच्या रांगेतल्या त्याच माणसाने विचारले, "वापराप्रमाणे दर लागला आणि आंकरने स्वतःची विहीर खणली तर? खणणारा येऊन जागा बघून गेलाय म्हणतात."

"आला होता, हे खरं आहे," एवाल्ड म्हणाला. "तो बाहेर पडला तर आपला सर्वांत मोठा ग्राहक जाईल."

"आणि मग तो टोकापर्यंतचा पाइप? एका घरासाठी सांभाळणार?"

आता कोणी हसले नाही. सगळ्यांच्या माना पुन्हा डाग्नीकडे वळल्या होत्या.

"ते तेव्हा बघू," एवाल्ड म्हणाला.

डाग्नीने डाव्या हातातल्या कार्डाकडे पाहिले. ज्या मताने तिच्या पिंपाचा मान राहणार होता, त्याच मताने तिचा नळ कोरडा पडू शकत होता. असे असेल तर तिने आपले मत समान वर्गणीला द्यावयास हवे होते. मग आंकरचेही तिकडेच आणि तिचेही तिकडेच, म्हणजे समान वर्गणी जिंकेल, आंकर राहील, पाइप राहील. एवढे कळल्यावर तिला प्रथमच जरा हलके वाटले.

कॉफीच्या वेळी अस्ताने केकचा तुकडा तिच्या बशीत ठेवला व आवाज खाली आणला.

"आंकरला फोन तरी कर. माणूस आडवा पडला की त्याचे विचार बदलतात. माझा नवरा बघ, गुडघा दुखायला लागल्यापासून डाव्या पक्षाला मत देतो."

डाग्नीला आंकरचे मत बदलायला नको होते. तरीही, पहिल्या मतदानाचा निकाल त्याला कळविणे हे आपले कर्तव्य आहे असे तिला वाटले, म्हणून तिने सभागृहाच्या स्वयंपाकघरात जाऊन फोन लावला.

"बरोबरी झाली," ती म्हणाली. "आता पुन्हा मत आहे."

"अगं, मी तुझ्याच फोनची वाट बघत होतो!" आंकर म्हणाला. "माझं मत फिरव. वापराप्रमाणे दराला दे."

"काय?"

"वापराप्रमाणे. मी विचार केलाय."

"पण आंकर, ती विहीर..."

"डॉक्टर आलेत, ठेवतो. वापराप्रमाणे, विसरू नकोस!"

फोन बंद झाला. डाग्नी उष्ट्या कपांच्या ढिगाजवळ उभी राहिली. ज्या दरामुळे आंकर विहीर खणेल असे सगळे म्हणत होते, तोच दर आता आंकरला हवा होता. याचा अर्थ एकच होऊ शकत होता. त्याचा बाहेर पडण्याचा निर्णय झाला होता, आणि म्हणून दर कोणताही लागला तरी त्याला फरक पडणार नव्हता. आणि तसे असेल, तर त्याला थांबविण्याचा उपाय या क्षणी तिच्या दोन हातांत होता. दोन्ही कार्डे समान वर्गणीला वर केली की झाले. फोनवर काय बोलणे झाले हे कोणालाच ठाऊक नव्हते. पहिल्या वेळी आंकरचे कार्ड तिकडेच गेले होते. दुसऱ्या वेळी गेले तर कोणाला नवल वाटणार नव्हते.

रूथने पुन्हा टेबलावर हात आपटला. "समान वर्गणी!"

डाग्नीचा डावा हात वर गेला. उजवा हात मांडीवर होता. तो इतका जड झाला होता, की जणू आंकर स्वतःच त्यावर बसला होता. तो वर जावा असे तिला मनापासून वाटत होते. परंतु हाड मोडलेल्या माणसाने हे कार्ड तिला दिले होते, कारण ती त्याच्या मनाचे करील असे त्याला वाटले होते. हात मांडीवरच राहिला.

"वापराप्रमाणे दर!"

उजवा हात वर गेला.

अस्ता तिच्याकडे पाहतच राहिली. "अगं, मघाशी तर उलट होतं!"

"हो," डाग्नी म्हणाली. "मलाही तसंच आठवतंय."

आमच्या भागातील माणूस चारचौघांत एकदा वर केलेला हात दुसऱ्या बाजूला सहसा नेत नाही, मग मनात काहीही असो. बाकी कोणीच जागचे हलले नव्हते. पुन्हा बरोबरी झाली आणि दोन्ही प्रस्ताव पडले. जुनाच दर शरद ऋतूतल्या सभेपर्यंत चालू राहणार होता, आणि तांबूस पाणीही. एवाल्डने आपली चित्रे गुंडाळली. "निदान विचार तरी सगळ्यांचा घेतला," असे तो कोणालाही उद्देशून न बोलता म्हणाला.

दुसऱ्या दिवशी डाग्नी केकचा एक तुकडा डब्यात घालून रुग्णालयात गेली. तिने कोट काढला नाही.

"तू विहीर खणणार आहेस का?" तिने उभ्यानेच विचारले.

"कोण म्हणालं?"

"सगळे."

"खणणारा आला होता. म्हणाला, आंकर, तुझ्या जमिनीखाली याहून लाल पाणी आहे, तुला स्वतःची टाकी बसवावी लागेल. मी त्याला कॉफी पाजली आणि पाठवून दिलं. बस ना."

डाग्नी बसली. "मग मत का फिरवलंस?"

आंकरने उशाकडच्या तक्त्याकडे बोट दाखविले. "इथे मी किती पाणी पितो ते त्या पोरी लिहून ठेवतात. प्रत्येक पेला. म्हटलं, माझं मोजतात तर गाईंचं का नको? आणि तू पिंपातलं पाणी वाचवून वाचवून वापरतेस, आणि माझ्या चाळीस गाईंइतकीच वर्गणी देणार? लाज वाटली मला. तुझ्या बाजूला एक मत वाढलं, जिंकली असशील!"

"मी त्या बाजूला नव्हते."

"म्हणजे?"

"मी समान वर्गणीला दिलं. तू जाऊ नयेस म्हणून. पुन्हा बरोबरी झाली, दोन्ही प्रस्ताव पडले."

आंकर इतका हसू लागला, की कंबरेत कळ येऊन त्याला पलंगाची कड धरावी लागली. "म्हणजे आपण दोघांनी मिळून गावाची टाकी अडवली!"

"मी चुकले का रे?"

"मला काय विचारतेस? मी एकाच दिवसात दोन्ही बाजूंना मत दिलंय." त्याने डबा उघडला. "शरदात मी स्वतः येईन. तेव्हा कुठली बाजू घ्यायची?"

"मला काहीच कळत नाही," डाग्नी म्हणाली.

"मग एवाल्डला पुन्हा घरी बोलव. मलाही ते खडे बघायचेत."

पुढल्या पहाटे डाग्नीने चहासाठी किटली नळाखाली धरली. पाणी आधी तांबूस आले, मग स्वच्छ झाले, आणि अर्धी किटली भरते न भरते तोच धार बारीक झाली. गोठ्यात पुतण्याने गाईंना उठविले होते. डाग्नी किटली धरून, गाईंचे पिऊन होईपर्यंत तशीच उभी राहिली.