पिठावरची अक्षरं

पंडित जन्मापासून मुका. नाव लोकांनी चेष्टेनं ठेवलेलं, कारण हा बाबा पिठाच्या डब्याच्या झाकणावर बोटानं काहीबाही लिहीत बसायचा. अक्षरं त्यानं थोरल्या बहिणीच्या फाटक्या पुस्तकांवरून एकट्यानंच गिरवली होती. 'दाण्याचं पीठ होतं, पिठाचा दाणा होत नाही. तरी लोक म्हणतात, झालं गेलं विसर.' असलं काहीतरी लिहायचा आणि फुंकर मारून उडवून टाकायचा.

गिरणीत तीस वर्षं गेली. तिथल्या घरघराटात कुणाचंच कुणाला ऐकू येत नसे, म्हणून सगळे हातानं बोलायचे. खुणा पंडितच्याच. चिमटीत बोटं चोळली की बारीक, मूठ उघडली की जाडसर. बायका सुनांच्या तक्रारीसुद्धा हातानंच करायच्या. त्या खोलीत मुका असा कुणी नव्हताच.

मग मालकानं नवं यंत्र आणलं. नुसतं गुणगुणायचं.

"एका माणसाचं काम राहिलंय, पंडित. महिनाअखेरीला तू मोकळा. बहिणीकडे आराम कर."

गुडघे गेले होते, छातीत पीठ साठलं होतं. आराम हवाच होता. पण आता गिऱ्हाईक तोंडानं बोलत होतं आणि त्याच्या हातांकडे कुणी बघत नव्हतं. त्यानं झाकणावर लिहिलं, 'आवाज गेला आणि मी मुका झालो.'

दुसऱ्याच दिवशी एक बाई म्हणाली, "मालक, जाडसर दळा हं." मालक हसून हो म्हणाला आणि बारीक दळून दिलं.

"अहो, मी काय भिंतीशी बोलले?"

"मग जरा स्पष्ट बोलावं माणसानं!"

मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "माझं कधी होईल?"

"बारीकच केलंय!" मालक खेकसला. सगळे खो खो हसले.

पंडित हसला नाही. मालकाची नजर म्हाताऱ्याच्या ओठांवर खिळलेली त्यानं पाहिली. तीस वर्षांच्या घरघराटानं मालकाचे कान कधीच खाल्ले होते. त्या गोंगाटात ते त्याला स्वतःलाही कळलं नव्हतं. पंडित गुपचूप म्हाताऱ्याच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला आणि हातानं विचारलं, कधी?

"तासाभरात या, बाबा," मालक म्हणाला.

दिवसभर पंडित असाच एकेका गिऱ्हाइकाच्या पाठीमागे उभा राहिला. पाय भरून आले.

दार लावताना मालकानं खाली बघतच हात उचलला. उद्या?

पंडितनं झाकण बराच वेळ पुसलं. बहिणीनं खाट घालून ठेवली होती. मग त्यानं एक बोट वर केलं, म्हणजे सकाळी, आणि बाहेर राहिलेलं पोतं ओढत आत आणलं.