सहाव्या क्रमांकाचा सिनेमा

जो सिनेमा जगात कुणी काढलेलाच नाही, तो माझा सर्वांत आवडता सिनेमा आहे, असं मी माझ्या मामेसासऱ्यांना सांगितलं. चूक एवढीच. ती करायला मला चार मिनिटं लागली आणि निस्तरायला आता तिसरं वर्ष चालू आहे.

यात घाबरण्यासारखं काय, असं तुम्हांला वाटेल. तुम्ही माझ्या बायकोचे मामा पाहिलेले नाहीत. ठाण्यापासून कल्याणपर्यंत त्यांच्याइतका भीतिदायक सज्जन दुसरा नाही. गणिताचे मास्तर होते आणि त्यातली वीस वर्षं दहावी-बारावीच्या परीक्षेत भरारी पथकावर होते. म्हणजे जीपमधून अचानक उतरायचं, वर्गाच्या दारात उभं राहायचं आणि कॉपी करणारा शोधायचा. मामा कुणाची झडती घेत नसत म्हणे. नुसते दारात उभे राहून बघत. दोन मिनिटांत कुठल्या तरी बाकावरचा पोरगा आपण होऊन उठायचा आणि चिठ्ठ्या टेबलावर आणून ठेवायचा. हे मला ऐकीव वाटत होतं. पण लग्न ठरायच्या वेळी मामा मला पाहायला कल्याणला आले. कपाळावर आठ्या, डोळे बारीक केलेले, दाढेखाली लवंग. समोर बसले आणि बघत राहिले. शेवटी कुणी काही विचारलेलं नसताना मीच बोलून गेलो, “बारावीला फिजिक्सच्या पेपरात मोज्यामध्ये चिठ्ठी नेलेली.” आमची आई पोह्यांची बशी घेऊन आलेली, ती तशीच परत आत गेली. मामांनी लवंग या दाढेखालून त्या दाढेखाली घेतली. “केंद्र कुठलं?” एवढंच विचारलं. घरी जाऊन म्हणाले, “मुलगा घाबरट आहे. आपल्या पोरीला त्रास देणार नाही.” अशा रीतीने माझं लग्न झालं.

हे बघणं मामांनी कुठून आणलं, ते मला लग्नानंतर कळलं. त्यांना एकच नाद: इटलीच्या लोकांनी काढलेले घोडे-बंदुकांचे सिनेमे. इटालियन लोकांनी अमेरिकेची गोष्ट स्पेनच्या उन्हात जाऊन काढायची आणि ठाण्याच्या नौपाड्यातल्या गणिताच्या मास्तरांनी ती बघायची, असा सगळा मामला. त्यांतले गाजलेले सिनेमे मामांना चालत नाहीत. “ज्याची शीळ रिक्षावाल्यालाही वाजवता येते तो सिनेमा माझ्या घरात नको,” हा नियम. त्यांना हवेत ते कुणी न पाहिलेले, पडेल, विसरलेले, ज्यांच्यातल्या हिरोचं नाव हिरोच्या आईलाही आठवणार नाही असे. मूळ नावं लांबलचक असतात, म्हणून मामांनी त्यांना आपली नावं दिली आहेत. ‘पोस्टमास्तरच्या सुडाचा’, ‘एकाच बुटाचा’, ‘लंगड्या पाद्र्याचा’. भाषा कळत नाही आणि त्यामुळे काही अडतही नाही. “या सिनेमांत बोलतात ती माणसं मरतात,” मामा म्हणतात. “आपण बघत राहायचं.” आणि हे ते जगतातही. एकदा गोखले रोडच्या तोंडाशी रिक्षावाला ‘नाही जाणार’ म्हणाला. मामा वाद न घालता रिक्षापुढे जाऊन उभे राहिले आणि बघू लागले. मागे हॉर्न वाजत होते, मी लाजेने एका दुकानात शिरून उगाच सेफ्टी पिना घेतल्या. बाहेर आलो तर रिक्षावाला सीट पुसत होता. “बसा ना काका, मी कुठं नाही म्हटलं?”

दर रविवारी सकाळी दहाला मामांच्या घरी या सिनेमांची क्रमवारी लागते. वीस सिनेमे, पहिला ते विसावा, पुठ्ठ्याच्या वहीत पेन्सिलीने. कारण दर आठवड्याला कुणीतरी वर जातो, कुणीतरी खाली येतो. सभासद तीन. स्वतः मामा, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले शहाडचे गायकवाडकाका आणि डोंबिवलीचे एक दातांचे डॉक्टर. मामी या तिघांना ‘घोडेवाले’ म्हणतात. “घोडेवाल्यांना चहा झाला का?” असं आतून विचारतात. नवा सिनेमा यादीत घ्यायचा तर त्याची एक रीत आहे. ज्याने सुचवला त्याने उभं राहून सिनेमाची शेवटची दहा मिनिटं मराठीत सांगायची. मामा डोळे मिटून ऐकतात आणि मध्येच प्रश्न टाकतात. सूर्य कुणाच्या पाठीशी? वारा कुठून? आधी हात कुणाचा हलला? अडखळलात की सिनेमा नापास. डॉक्टर एकदा हिरोच्या टोपीचा रंग विसरले तर मामा म्हणाले, “पाहून या, मग बोला.” दुसऱ्यांच्या दाढा बिनधास्त उपटणारा तो माणूस मुकाट्याने चपला घालून डोंबिवलीला गेला.

अशा सभेत मी एका रविवारी फक्त लोणच्याची बरणी पोचवायला गेलेलो. मामांनी मान वळवली, डोळे बारीक केले. “जावईबापू, तुमचा आवडता कोणता?”

मी असला एकही सिनेमा पाहिलेला नव्हता. ‘नाही पाहिला’ हे दोन शब्द बोलायचे होते. पण समोर ते डोळे. हातातली बरणी घसरायला लागली. मी म्हटलं, “आहे एक. नाव नाही आठवत.”

“नाव नसलं तरी चालेल. उभे राहा. शेवट सांगा.”

मामांनी डोळे मिटले आणि ते डोळे मिटताच माझी जीभ सुटली. माझ्या आईचं माहेर भाईंदरकडचं. तिचे वडील मिठागरात कामाला होते आणि माझ्या लहानपणच्या सगळ्या सुट्ट्या मिठाच्या ढिगांवर घसरगुंडी करण्यात गेलेल्या. तेच डोळ्यांसमोर आलं. मी म्हटलं, एक बंदूकवाला आहे, तो घोड्याला घाबरतो, म्हणून चालत आलाय. गावातली सगळी मिठागरं एका दुष्ट सावकाराची. शेवटची लढाई भर दुपारी, मिठागराच्या मधोमध. पांढरं मीठ, वर सूर्य, त्यामुळे दोघांनाही काहीच दिसत नाही. नुसता उजेड.

“वारा?” मामा म्हणाले.

“पश्चिमेचा. खारा. ओठ फुटतात.”

“मग नेम कसा धरणार?”

“आवाजावर,” मी म्हटलं. “सावकाराच्या पायांत बूट आहेत. मीठ करकर वाजतं. हिरोने बूट काढून ठेवलेत. अनवाणी पायांचा आवाज येत नाही, पण पायांच्या भेगांत मीठ जातं. त्याला ओरडायचंय आणि ओरडला तर मेला.”

मामी झारा घेऊन दारात येऊन उभ्या होत्या. मामांनी डोळे उघडले, खोडरबर घेतलं, सहाव्या क्रमांकावरचा ‘लंगडा पाद्री’ सातव्यावर ढकलला आणि वर लिहिलं, ‘मिठागराचा’.

तेवढ्यावर भागलं असतं. पण गायकवाडकाका म्हणाले, “पाहिलाय मी हा! कल्याणला, सकाळच्या खेळाला. शेवटचं रीळ दोनदा तुटलं होतं.” लगेच डॉक्टर म्हणाले, “हो हो, त्या सावकाराचे पुढचे दात फार वाईट होते.” खोटं एकट्याचं असलं तर माणूस ते गिळून टाकतो. हे आता तिघांचं झालेलं, आणि त्यातल्या दोघांनी मला न विचारता त्यात भर घातलेली.

दुसऱ्या दिवसापासून मामा तो सिनेमा शोधायला लागले. लॅपटॉप घेतला. भाचीकडून म्हणजे माझ्या बायकोकडून इंटरनेट शिकले. इटलीतल्या जुन्या सिनेमांच्या शौकिनांना पत्रं लिहू लागले. ती इंग्रजीत करून द्यायचं काम माझ्याकडे. ‘महोदय, एका घोड्यास भिणाऱ्या इसमाचा चित्रपट आपल्या पाहण्यात आला आहे काय?’ अशी पत्रं मी स्वतःच्या हाताने लिहिली आहेत. मोबाइलवर ‘मामा ठाणे’ अशी अक्षरं उमटली की मला वाटायचं, सापडलो बहुतेक! पण पलीकडून आवाज यायचा, “जावईबापू, त्या सावकाराला मिशा होत्या का?” मी म्हणायचो, होत्या. आणि मिशा वहीत जायच्या.

वर्षभर ही भीती जरा मजेची होती. मग दुसरी भीती आली आणि तिच्यात मजा नव्हती. मामांना साखरेचा त्रास जुना. डावा डोळा त्यापायी आधीच गेल्यात जमा होता. आता उजव्याच्या पडद्याला सूज आली. डोळ्यात इंजेक्शनं सुरू झाली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं, स्क्रीन बंद, डोळ्यांना आराम. मामांनी मान डोलावली आणि घरी येऊन लॅपटॉप उघडला. रोज चार-चार तास. नाक काचेला टेकवून, एकेक जुना सिनेमा पुढे सरकवत. कुठे पांढरी जमीन दिसते का, ते बघत.

मामींनी मला फोन केला. त्या कधी फोन करत नाहीत. “तुमच्यावर चिडून नाही बोलत हो,” म्हणाल्या, “पण ते म्हणतात, डोळा जायच्या आत तेवढा एक बघून घेतो. तुम्हांला तरी सापडेल का तो कुठं? नाहीतर शोधता शोधताच जाईल त्यांचा डोळा.”

फोन ठेवला तेव्हा बायको समोर उभी होती. तिला मी सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग तिचं हसू बंद झालं. “अरे, तू काय माणूस आहेस! जा आणि सांग त्यांना. आत्ता.”

मी आधी शहाडला गेलो. म्हटलं, गायकवाडकाकांनी तो खरंच पाहिला असेल तर? माणूस बुडताना कशालाही धरतो. काकांनी मला उल्हास नदीच्या पुलापर्यंत फिरायला नेलं, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, “अरे बाबा, मी कुठला पाहिलाय! मामांसमोर ‘नाही पाहिला’ म्हणायची कुणाची टाप आहे? तू एवढं झकास सांगितलंस, म्हटलं असेल.” मग माझा दंड धरून म्हणाले, “सांगायचं तर सांग. पण माझं नाव घेऊ नको हां. सिग्नल खात्यात चौतीस वर्षं काढली, एक चूक नाही. आता या वयात धरला जायला नको.”

नौपाड्याचे दोन जिने चढायला मला त्या दिवशी किती वेळ लागला, सांगता येणार नाही. प्रत्येक वळणावर परत फिरावंसं वाटत होतं. मामा गॅलरीच्या उजेडात बसले होते, लॅपटॉप मांडीवर, उजवा डोळा लाल. मी उभा राहिलो. उभं राहायची गरज नव्हती, पण बसवेना.

“मामा, तो मिठागराचा सिनेमा नाहीये. मी रचला. मी असला एकही सिनेमा तेव्हा पाहिलेला नव्हता. मला तुमची भीती वाटली.”

मामा बघत राहिले. नेहमीचंच ते बघणं. पण आता त्यांना माझा चेहरा शोधावा लागत होता. मान थोडी वाकडी करून, कडेकडेने. त्याचीच मला सगळ्यांत जास्त भीती वाटली. मग ते हसले.

“मामींनी पाठवलं ना?”

“नाही हो. खरंच सांगतोय.”

“वीस वर्षं खोटं पकडलं मी. वाऱ्याची दिशा विचारली, तुम्ही अडखळला नाहीत. भेगांत मीठ जातं, ते बघितल्याशिवाय कुणाला सुचत नाही. माझा डोळा वाचावा म्हणून आज खोटं बोलताय. बघा, कान लाल झालेत तुमचे.” त्यांनी लॅपटॉप बंद केला आणि माझ्या हातात दिला. “पण मामींचं ऐकू या. इथून पुढे शोधायचं तुम्ही. मी डोळे मिटून बसतो.”

आयुष्यात एकदा खरं बोललो आणि त्याच दिवशी पकडला गेलो.

तेव्हापासून घोडेवाल्यांचा चौथा सभासद मी. रविवारी चहा झाला की मामांशेजारी बसतो आणि मला पक्कं ठाऊक असलेला, कुठेही नसलेला सिनेमा शोधतो. स्क्रीनवर जे दिसतं ते त्यांना सांगत जातो. डोंगर, धूळ, एक कुत्रं, दोरीवर वाळत घातलेले कपडे. मामा डोळे मिटून ऐकतात. उजवा डोळा सध्या टिकलाय. डोळ्यांचे डॉक्टर पुढच्या महिन्याचं बोलतात, त्यापुढचं बोलत नाहीत. खरं सांगायचं तर अलीकडे एखादी पांढरी जमीन पुढे आली की माझाच हात थांबतो. वाटतं, असेलही. कुठल्या तरी इटालियन माणसाचा आजोबा मिठागरात कामाला असेलच की. मग कॅमेरा जवळ जातो आणि ती वाळू निघते.

परवाच्या रविवारी माझा धीर सुटला. डॉक्टर आणि गायकवाडकाका समोर होते, तरी म्हटलं, “मामा, पाया पडतो, पुरे. हा सिनेमा नाहीये. मीच रचला होता.” गायकवाडकाकांनी बशीत तोंड घातलं.

मामांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत.

“जावईबापू, असलं रचायला डोकं लागतं. ते तुमच्याकडे नाही. म्हणजे सिनेमा आहेच. पुढचा लावा.”