टोलीवरच्या बोरिंगची सरासरी

तेजरामभाऊंना रागवायला मोठं कारण लागत नाही, एक बाटली पुरते. साकोलीच्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते परिचर आहेत. एखादा पोरगा तपासायचं पाणी काचेच्या बाटलीत घेऊन आला, की ती बाटली त्याच्या देखत बेसिनमध्ये उपडी होते.

"फ्लोराइड काचेले खाते, हे तुले कोनी सांगतलं नाही? प्लास्टिकची आन. अन् बोरिंगचं नाव लिहून आन. नुसतं 'गावचं पानी' कायले लिहितं?"

पोरं त्यांना टरकून असतात. पहिलं वर्षभर मीही होते. मी इथे तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे दर वर्षी नव्याने नेमायची आणि नको असेल तर न नेमायची बाई.

अठरा वर्षांपूर्वी एका जुन्या सरांनी तालुक्यातल्या बोरिंगचं पाणी तपासायचं काम सुरू केलं. बोरिंग म्हणजे आमच्याकडे हातपंप. सर निवृत्त झाले, पण "थांबवा" असं तेजरामभाऊंना कोणी म्हटलं नाही, म्हणून ते थांबले नाहीत. एकशे बारा बोरिंग, वर्षातून दोन वेळा, रविवारी सायकलवर. त्यांच्या रजिस्टरात बोरिंगला नंबर नाही, नाव आहे: 'शाळेमागची', 'बोडीच्या पाळीवरची', 'टोलीवरची'; बोडी म्हणजे तळं, टोली म्हणजे गावाबाहेरची वस्ती. नावापुढे तारीख, वेळ, मीटरवरचा आकडा, आणि त्या दिवशी मीटर बरोबर चालतं की नाही हे कशावरून पाहिलं तेही. पीएच.डी. झालेल्या माणसांच्या वह्या मी पाहिल्या आहेत. असं रजिस्टर एकाचंही नाही, माझंही नाही.

टोलीवरची बोरिंग त्यांच्याच गावची, पिंपळबोडीची. पहिल्या वर्षी तिथला फ्लोराइडचा आकडा होता लिटरला १.४ मिलिग्रॅम. दीडच्या वर गेलं की पाणी पिऊ नये. आता तिथे ३.८ येतो. तेजरामभाऊंची बायको रुखमाबाई अठ्ठेचाळीस वर्षांच्या आहेत. अशा पाण्याने हाडं आखडतात; त्यांचे गुडघे धरलेत आणि मान वळवता येत नाही. कोणी मागून हाक मारली तर त्या पाय उचलत उचलत अख्ख्या वळतात. पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन तेजरामभाऊ रोज कॉलेजच्या नळावरून सायकलला बांधून नेतात. पण आठ किलोमीटर सायकलवर किती पाणी नेणार? भात बोरिंगच्याच पाण्यात शिजतो.

बोरिंग बंद करा आणि नळ द्या म्हणून ते ग्रामपंचायतीत गेले. "कॉलेजचं पत्र आणा," असं उत्तर मिळालं. आमचे विभागप्रमुख मधुकरराव सर पत्र देईनात. "आपण संशोधन करतो तेजराम, तक्रारी नाही करत." माणूस इतक्या गोड आवाजात असं बोलू शकतो, याचा मला आजही संताप येतो.

त्याच सरांनी त्याच आकड्यांवर शोधनिबंध लिहिला. नियतकालिकाने अट घातली: निबंध छापू, पण मूळ आकडे एखाद्या रिपॉझिटरीत ठेवा, म्हणजे जगात कोणालाही ते उघडून तपासता येतील. अशा जागा पुष्कळ. मी शोधून दोन सरांसमोर ठेवल्या. एक सर्वसाधारण. तिथे कसलीही फाइल चढवा, दहा मिनिटांत कायमचा क्रमांक हातात, आत काय आहे ते कोणी बघत नाही. दुसरी खास रसायनशास्त्राची. तिथे एक माणूस फाइल वाचतो आणि प्रश्न विचारतो: नमुना नेमका कुठला, कोणी आणला, कोणत्या यंत्रावर मोजला. सगळी उत्तरं मिळेपर्यंत क्रमांक नाही.

तेजरामभाऊ कपाटाला टेकून ऐकत होते. "याच्यात इचारायचं काय हाय? खरेदी केंद्रावर धानाचा ओलावा मोजल्याबिगर पोतं उतरवत नाही. अन् हे पयले वाले उघडूनही पाहात नाही? भुसा भरून देल्ला त घेतीन का?"

"पहिली," सर म्हणाले. "आणि एकशे बारा ओळी कशाला? तालुक्याची सरासरी टाका. उगाच गावागावांतून भानगडी नकोत."

मी सरासरी टाकली. पुढल्या वर्षीची नेमणूक डोळ्यांसमोर होती, दुसरं काही नव्हतं. बाहेर आल्यावर तेजरामभाऊंनी विचारलं, "सगळं गेलं ना मॅडम? टोलीवरचंही?" मी "हो" म्हणाले. खोटं बोलताना माझी जीभ अडखळली नाही, हे मी विसरलेले नाही.

सहा महिन्यांनी ते एक कागद घेऊन आले. पत्राची वाट बघून कंटाळले आणि शेवटी त्यांनी स्वतःच अर्ज केला होता. त्याला पाणीवाल्या खात्याचं उत्तर आलं होतं. 'उपलब्ध संशोधनानुसार तालुक्यातील फ्लोराइडचे सरासरी प्रमाण ०.९ असून ते मर्यादेत आहे. सबब सदर बोरिंग बंद करण्याची आवश्यकता दिसून येत नाही.' खाली पुरावा म्हणून आमच्या फाइलचा कायमचा क्रमांक. मी मिळवलेला.

"हे माह्येच आकडे हायेत ना?" त्यांनी विचारलं. "तुमचेच, पण मी नुसती सरासरी टाकली," मी म्हणाले.

ते तसेच सरांच्या खोलीत गेले, मी मागोमाग. दार वाजवलं नाही. "सर, माह्या बायकोचे गुडघे अन् तुमच्या बायकोचे गुडघे, दोनीची सरासरी काढा. दोघीही मस्त चालतेत! मंग माहीवाली कायले रडून राहिली घरी?"

सर म्हणाले, "तेजराम, आवाज खाली."

"अठरा वर्सं खालीच होता!"

त्या दिवशी माझ्याही तळपायाची आग मस्तकात गेली, आणि निम्मी माझी मलाच जाळत होती. आधीची फाइल काढून टाका म्हणून मी त्या रिपॉझिटरीला लिहिलं. उत्तर आलं, एकदा दिलेला क्रमांक पुसता येत नाही, हवं तर शेजारी टीप जोडू. माझं खोटं कायमचं झालं होतं. त्याच्यासमोर खरं उभं करायचं, एवढंच हातात उरलं.

अठरा वर्षांची रजिस्टरं आम्ही कॉलेज सुटल्यावर रोज दोन तास टाइप केली. बोरिंगचे नेमके अक्षांश-रेखांश हवेत म्हणून रविवारी माझ्या स्कूटीवर गावंच्या गावं फिरलो. एका गावी बोरिंगचं ठिकाण मी दहा पावलं चुकवलं, तर भर चौकात तेजरामभाऊंच्या शिव्या खाल्ल्या. सरांनी बोलावून सांगितलं, "पुढच्या वर्षीचं बघा हं, मॅडम." बघितलं. फाइल दुसऱ्या रिपॉझिटरीकडे पाठवली. नमुने गोळा करणारे आणि मोजणारे म्हणून तेजरामभाऊंचं नाव, एकट्याचं.

आठवड्याने तिथल्या माणसाचे चौदा प्रश्न आले. मी वाचायचे, तेजरामभाऊ सांगायचे. मीटर कोणतं, बाटली कोणती, उन्हाळ्यात पाणी खोल गेल्यावर आधी किती बादल्या उपसून टाकल्या. एकाही प्रश्नाला त्यांनी रजिस्टर उघडलं नाही. "हा मानूस बराबर इचारते," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून कोणाचं एवढं कौतुक मी कधी ऐकलं नव्हतं.

चौदावा प्रश्न टोलीवरच्या बोरिंगचा होता. 'हा आकडा शेजारच्या सगळ्या आकड्यांच्या कितीतरी पट आहे. लिहिताना दशांशचिन्ह चुकलं आहे का? नसल्यास याची पडताळणी कशी केली?'

मला वाटलं, तेजरामभाऊ आता टेबल उलटं करणार. पण त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"लिहा," ते म्हणाले. "चुकलं नाही. दर खेपेले तीनदा मोजलं. अन् पडताळनी पायजे त लिहा, रुखमा, वय अठ्ठेचाळीस, मोजनाऱ्याची बायको. ह्याच पान्यातला भात खाते, मान वळत नाही. दशांस चुकला असन त घरी येऊन पाहून जाय म्हना."

मी ते सगळं त्या रकान्यात इंग्रजीत, शोधनिबंधाच्या रीतीने भूतकाळात उतरवलं आणि पाठवायच्या आधी त्यांना मराठीत वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य मी वाचलं, "ती याच पाण्यात शिजलेला भात खात होती."

"होती काहून?" तेजरामभाऊ ओरडले. "सकारीच जेवलो ना आमी!"