मसाल्याचा केक आणि वहिनीचं नाक

आत्या हे तिचं नाव नव्हे. धाकट्या भावाची, म्हणजे बापूची, मुलगी लहान असताना बेकरीच्या काउंटरवर बसून दिवसभर "आत्या, आत्या" असा घोशा लावायची. ते ऐकून पाव न्यायला येणारे सगळेच तिला आत्या म्हणायला लागले, वयानं तिच्याहून मोठा असलेला पोस्टमनसुद्धा. पुढं मुलगी लग्न होऊन लांब गेली, पण आत्या गल्लीची आत्याच राहिली.

खाली बेकरी, वर बिऱ्हाड. आत्या भट्टी सांभाळायची, बापू काउंटर. बापूची बायको, वहिनी, या दोन्हींकडे फिरकायची नाही. ती कोपऱ्यावरच्या लाँड्रीत कपडे निवडायच्या आणि इस्त्रीच्या कामाला जायची. घरची बेकरी असताना बाहेर काम कशाला, असं लोक विचारत. त्याचं उत्तर जुनं होतं. वहिनी नवी नवरी म्हणून आली तेव्हा आत्यानं मोठ्या हौसेनं केकचा तुकडा तिच्यापुढं ठेवला आणि कसा झालाय म्हणून विचारलं. वहिनीला गोड बोलून वेळ मारून नेणं कधी जमलंच नाही. तिनं सांगून टाकलं की छान आहे, पण सुंठ जरा जास्त वाटतेय.

सुंठीचं ते प्रमाण आत्याच्या वडिलांनी बसवलेलं होतं. आत्या काही बोलली नाही. बोलली नाही ती नाहीच. त्यानंतर दोघींचं बोलणं नळाला पाणी आलं, दाराला कडी घातली, एवढ्यावरच अडून राहिलं. त्यापलीकडचं सगळं बापूमार्फत. "तुझ्या बायकोला सांग, जिन्यात बादली ठेवू नको," असं आत्या म्हणायची. बायको समोरच उभी असायची. बापू मान तिच्याकडं वळवून "बादली" एवढंच म्हणायचा आणि पुन्हा पाव मोजायला लागायचा. अशी वर्षं गेली. कुणाला त्यात काही वावगं वाटेनासं झालं.

पाव सगळ्याच बेकऱ्यांत मिळायचा. आत्याकडं लोक यायचे ते मसाल्याच्या केकसाठी. दालचिनी, लवंग, जायफळ, सुंठ आणि गडद तपकिरी साखर घातलेला तो केक दिसायला अगदी साधा होता. वर क्रीम नाही की चेरी नाही. पण कापला की सुरीला ओल लागायची, आणि दुसऱ्या दिवशी तो पहिल्या दिवसापेक्षा चांगला लागायचा. ती ओल होती दुधाची. आत्या ताजं दूध कधी वापरत नसे. चिनी मातीच्या बरणीत दूध विरजून, चांगलं आंबट होऊन त्यावर बारीक बुडबुडे धरले की मग ते मैद्यात जायचं. त्यातलंच थोडं विरजण मागं ठेवून पुढचं दूध लावायचं. दूध झालं की नाही हे ठरवायचं नाकानं. बरणीचं झाकण उचलायचं, एक श्वास घ्यायचा, बस.

एका सकाळी फरशीवर सांडलेल्या तेलावरून आत्याचा पाय घसरला आणि ती पाठीमागं आपटली. डोक्याला टेंगूळ आलं. बापू डॉक्टरकडं चल म्हणाला, तर तिनं त्यालाच फरशी पुसायला लावली. दुसऱ्या दिवशी कॉफी प्यायली तर नुसतं गरम पाणी. तिला वाटलं, बापू पावडर घालायला विसरला. मग भट्टीचं दार उघडलं, पाव लालसर झालेले, वाफ तोंडावर आली आणि वास काही नाही. तिनं दालचिनीचा डबा नाकाशी धरला. डबा रिकामा असल्यासारखा. त्यात हात घातला तर बोटांना पूड लागली.

आता मात्र ती गुपचूप डॉक्टरकडं गेली. डोक्याला मार बसला की वासाची नस कधीकधी दुखावते, डॉक्टर म्हणाले. येईल परत, किंवा नाही येणार. यावर गोळी नव्हती. आत्या घरी आली आणि कुणालाही काही बोलली नाही. बेकरीवालीला वास येत नाही हे सांगणं तिच्या लेखी शिंप्यानं दिसत नाही म्हणून सांगण्यासारखं होतं.

थोडे दिवस सवयीवर निभावलं. पाव एकदोनदा तळाला करपले, ते तिनं खरवडून घेतले. पण केकच्या बाबतीत हात आणि जीभ यांचं जमेना. मिश्रण चाखावं तर फक्त गोड लागायचं. मसाला कमी पडला असं वाटून ती आणखी चिमूट टाकायची, मग आणखी एक.

नेमका त्याच सुमारास पोस्टमन निवृत्त झाला. पोस्टातल्या लोकांनी निरोपाला आत्याचाच केक मागवला, कारण हा गृहस्थ रोज टपाल टाकताना एक तुकडा घेऊन उभ्या उभ्या खायचा. आत्यानं जीव ओतून मोठा केक केला आणि शेवटी, पोस्टमनला आवडते म्हणून, लवंगेची पूड हात सैल सोडून घातली. समारंभात भाषणाआधी केक वाटला गेला. पोस्टमास्तर बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांची जीभ दाताच्या डॉक्टरकडून आल्यासारखी बधिर झालेली. "आमचे शहकारी" म्हणून त्यांनी सुरुवात केली आणि पुढं एकही शब्द सरळ निघेना. लोकांना वाटलं साहेब गहिवरले. एका बाईंनी तर डोळे पुसले. मग एकेकाची जीभ जड व्हायला लागली तेव्हा लवंगेचा उलगडा झाला.

दुसऱ्या दिवशी पोस्टमन बेकरीत आला. आता पिशवी नव्हती, त्यामुळं हात कुठं ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. बापूला बाजूला सारून तो भट्टीपाशी गेला आणि हळूच म्हणाला, "आत्या, तब्येत बरी आहे ना?" केकबद्दल त्यानं अवाक्षर काढलं नाही. आत्याला ते जास्त लागलं. त्यानं चार शब्द सुनावले असते तर तिनं पाच परत केले असते.

त्यानंतर तिनं चाखून मसाला घालणं बंद केलं. सगळं तराजूवर. मसाल्याचं ठीक होतं, तो वजनात बसतो. दूध वजनात बसत नाही.

उकाड्याचे दिवस होते. वहिनी लाँड्रीला निघाली होती, चहापुरतं दूध घ्यायला खाली आली. आत्या बरणीतलं दूध मिश्रणात ओतायच्या बेतात होती. वहिनी दारातच थबकली. लाँड्रीत दिवसभर लोकांचे कपडे निवडून तिचं नाक असं तयार झालं होतं की गाठोडं सोडायच्या आधी तिला कळायचं, हा शर्ट मासळीच्या दुकानातला की दवाखान्यातला. आणि बरणीचा वास तर जिन्यापर्यंत आला होता.

"वन्सं, ते ओतू नका," ती म्हणाली.

बापू मध्ये नसताना ती नळ-कडीपलीकडचं काही आत्याशी बोलली, हेच आत्याला आधी उमगलं नाही. "का?"

"नासलंय ते. मोरीत टाकायच्या लायकीचं झालंय." मग ती जवळ आली, बरणीत पाहिलं, आत्याच्या तोंडाकडं पाहिलं. "तुम्हाला वास येत नाही?"

आत्यानं बरणी खाली ठेवली. झाकण लावलं. ते नीट बसलं होतं तरी पुन्हा बसवलं.

"नाही," ती म्हणाली. "पडले त्या दिवसापासून."

वहिनी मैद्याच्या पोत्यावर बसली. इतके महिने, असं काहीतरी ती पुटपुटली. बापूला ठाऊक आहे का, असं तिनं विचारलं. आत्यानं नाही म्हणून मान हलवली. यावर वहिनी काय बोलेल याची आत्या वाट पाहत होती. कीव केली असती तर तिनं तिला तिथून उठवलंच असतं.

"लाँड्री उशिरा उघडते," वहिनी म्हणाली. "जाता जाता मी येत जाईन. वास घ्यायला कितीसा वेळ लागतो."

वेळ पुष्कळ लागला. आधी जुनं विरजण गेलं, ते वाचवण्यापलीकडं होतं. वडिलांच्या वेळेपासून चालत आलेली बरणी आत्यानं स्वतः मोरीत उपडी केली, आणि घासायला मात्र वहिनीकडं दिली. मग डेअरीतून नवं विरजण आणलं. वहिनी रोज सकाळी झाकण उचलून वास घेई आणि आत्या विचारी, कसा आहे? इथंच घोडं अडलं. वहिनीला आंबट आणि खराब एवढेच दोन शब्द यायचे. आत्याला मध्ये कितीतरी पायऱ्या माहीत होत्या, पण त्यांची नावं तिनं कधी ठेवली नव्हती. नाक असताना नावं कशाला लागतात? मग वहिनी आपल्या कामातलं सांगायला लागली. आज दमट टॉवेलसारखा. आज पावसात न वाळलेल्या मोज्यांसारखा. आत्या म्हणायची, मोज्यांपर्यंत जाऊ देऊ नको, त्याच्या आधी बघ. बापू काउंटरवरून ऐकायचा आणि गिऱ्हाइकाला म्हणायचा, आत केकचंच चाललंय, घाबरू नका.

होता होता एका सकाळी वहिनीनं झाकण उचलून वास घेतला. पुन्हा वास घेतला.

"हिरवं सफरचंद कापल्यावर सुरीला येतो ना, तसा."

"हेच," आत्या म्हणाली. "वाटी आण."

सोडा पडताच मिश्रण फसफसून वर आलं. आत्यानं साचे भट्टीत सारले आणि दार किलकिलं करून कान लावून बसली. हे ती अलीकडंच शिकली होती. ओला केक भट्टीत बारीक कुजबुजत असतो. ती कुजबुज थांबायला आली, पुरती थांबली नाही, की काढायचा. काढलेला केक निवेपर्यंत दोघी समोरासमोर बसून राहिल्या. मग वहिनीनं तुकडा तोंडात टाकला. आत्या तिच्या जबड्याकडं बघत होती.

"छान झालाय," वहिनी म्हणाली. "सुंठ जास्त आहे."

बापूनं काउंटरवरून मान वळवली आणि परत फिरवली. आत्यानं सुंठीच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं. मग तिनं सांगितलं की उद्या एका साच्यात कमी घालून बघू, पण पाटी वेगळी लावायची, वडिलांच्या केकशी त्याचा संबंध नाही. दोन्ही केक खपले. कुठला जास्त खपतो यावर दोघींचं रोज वाजू लागलं. बापूच्या मते पूर्वीचे दिवस शांततेचे होते, पण निरोप पोचवायचं काम सुटल्यामुळं त्याची तक्रार नव्हती.

थंडी सुरू झाली तसा आत्याला थोडाथोडा वास यायला लागला. आधी पेट्रोल, मग ओली माती, मग वर्तमानपत्राची शाई. दालचिनी आली ती वाकडीच, जळक्या रबरासारखी. डॉक्टर म्हणाले, सरळ होईल कदाचित. आत्यानं ते वहिनीला सांगितलं आणि वर सांगितलं की म्हणून तू यायचं बंद करू नकोस.

पुढं वहिनीनं लाँड्रीतलं काम अर्ध्या दिवसावर आणलं. मध्ये एकदा तिला जबरदस्त सर्दी झाली. ती नाक लाल करून खाली आली, बरणीवर वाकली, शिंकली आणि हात हलवला. आत्यानं स्वतः वास घेऊन पाहिला, तिला रबर आलं. बापूनं दोघींकडं पाहिलं, पुठ्ठ्याचा तुकडा घेतला आणि काचेवर लावून टाकला: "आज केक नाही. नाक बंद आहे."

लोक वाचून हसत आत येत होते आणि पाव घेऊन जात होते. आत्यानं वहिनीला वर जाऊन पडायला सांगितलं, स्वतः मैद्याचं पोतं सोडलं आणि दुपारच्या पावाचं पीठ मळायला घेतलं.