उशाखालचा हिरा

सुमनमावशी गेली हे कळलं तेव्हा मी दारात भाजीवाल्याशी भांडत होते. पारड्याखाली काय चिकटवलंस ते दाखव, म्हणत होते, आणि ही खोड मला मावशीचीच लागलेली. फोन तिच्या भाडेकरूच्या सुनेचा होता. "दीदी, मौसी दरवाजा नहीं खोल रही..." मधल्या दोन गल्ल्या मी कशा ओलांडल्या, देव जाणे. तिच्या मागच्या दाराची किल्ली साऱ्या जगात फक्त माझ्याकडे होती. आत गेले तर मावशी पलंगावर शांत निजलेली, कपाळावर एक आठी नाही. तेवढ्यानंच मला कळलं. आठी नसलेली मावशी मी जन्मात पाहिली नव्हती.

ती माझ्या आईची धाकटी बहीण. काका रेल्वेत, म्हणून लग्न होऊन वर्ध्याकडून रायपूरला आली आणि काका गेल्यावरही इथेच राहिली. मूलबाळ नाही. माझी लेक ऋचा तिच्याच मांडीवर वाढली. संशय हा मावशीचा देवधर्म होता. सिलिंडर आलं की आधी आपलं हलवून बघायची, मग शेजारणीचं. डॉक्टरांनी हृदयासाठी दिलेल्या गोळीचं नाव औषधवाल्याकडून दोनदा वाचून घ्यायची आणि घरी आली की भाडेकरूच्या सुनेकडून तिसऱ्यांदा. "रायपूर राजधानी झालं न, तवापासून लबाडीबी ए.सी.त बसाले लागली," म्हणायची. आम्ही हसायचो. पण काही घ्यायचं असलं की तिला सोबत नेल्याशिवाय पाऊलही टाकायचो नाही, हेही खरं.

ऋचाचं लग्न ठरलं आणि साखरपुड्याला तिला हिऱ्याची अंगठी द्यायचं मी मनावर घेतलं. आमच्या घरातला हा पहिला हिरा. ऋचा पुण्यात नोकरीला. तिनं फोनवरच सांगून टाकलं, "मम्मी, ऑनलाइन लेंगे. सर्टिफिकेट मिलता है, पसंद नहीं आया तो वापस." माझ्या नवऱ्याचं म्हणणं, आपले सदर बाजारातले सोनार काय मेले? माझं मंगळसूत्र त्यांचं, मुलीचं बाळलेणं त्यांचं. झालं, घरात दोन पक्ष पडले. मावशी तिसरा पक्ष. तिचा दोघांवरही विश्वास नव्हता.

सदर बाजारात तिला घेऊन गेले तो दिवस काही विसरायची नाही. सोनारशेठनं गादीवर बसवलं, चहा मागवला, मखमलीवर खडे मांडले. मावशीनं आधी चहाच नाकारला. मग दुकानातला पिवळा दिवा बंद करायला लावला, खडा घेऊन दाराशी उन्हात गेली, त्यावर तोंडाची वाफ सोडून पाहिली. शेठ म्हणाला, "मौसी, घर की बात है." बाहेर आल्यावर मावशी माझा दंड धरून म्हणाली, "घर की बात म्हणून राहिला न, तवाच समज. पक्कं बिल मागितलं तर तोंड कसं झालं, पाहिलं? अन् वापस घेशील का विचारलं तर म्हणे, देखेंगे." मी म्हटलं, मग ऑनलाइन घेऊ. तर ती आणखीच भडकली. "त्याले तं तोंडच नाही वो बाई! उद्या फसवलं तर भांडशील कोणाशी, मोबाइलशी?" कागदाचंही तिला कौतुक नव्हतं. कागद काय, कोणीही छापते. मशिनीत हिरे बनतात हे तिनं कुठंतरी ऐकलं होतं, तेव्हापासून तर ती देवळातल्या मूर्तीच्या मुकुटाकडेही डोळे बारीक करून बघायची.

शेवटी निकाल तिच्याच पद्धतीनं लावायचा ठरला. आमच्याकडे हिरा असाच बोटात घालत नाहीत. सगळ्यांनाच तो लाभत नाही, म्हणून आधी रुमालात बांधून तीन रात्री उशाखाली ठेवायचा. स्वप्न वाईट पडलं, घरात काही इडापिडा झाली, तर जिथला तिथं परत. शेठनं ओळखीवर खडा तसाच दिला. ऋचानंही आपली अंगठी आमच्या पत्त्यावर मागवली; तीही ठराविक दिवसांत परत करता येणार होती. मला गंमत वाटली. कंपनीनं आमचीच रीत उचललेली! पण खरं तर ज्याच्यासाठी हिरा, त्याच्या उशाखाली तो ठेवायचा असतो. मी म्हटलं, ऋचा सुट्टीत येईल तेव्हा ठेवू. मावशीनं रुमाल माझ्या हातातून ओढूनच घेतला. "पोट्टीच्या उशाखाली नाही. आधी माझ्या. काही वाईट असंल त्यात तर मले होऊ दे. माझं सारं होऊन गेलं."

शेठचा खडा तिनं तीन रात्री ठेवला. स्वप्न काहीच पडलं नाही. "हेच तं वाकडं आहे," म्हणाली. "इतका गुपचूप काहून बसला तो?" खडा परत गेला. मग ऑनलाइनवाली अंगठी उशाखाली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिचा फोन. आवाज बिचकलेला. "काल मले झोप लागली वो. अशी झोप... तुझे काका गेल्यापासून नाही लागली. काही तरी गडबड आहे त्या अंगठीत." मी मोठ्यानं हसले. त्या रात्री ती झोपली ती उठलीच नाही.

अंगठी उशाखाली नव्हती. रुमाल होता, गाठ सुटलेली. अंगठी मावशीच्या करंगळीत होती, दुसऱ्या पेराशी अडकलेली. साबण लावून काढावी लागली.

मग सुरू झालं. आलेली प्रत्येक बाई माझ्या कानाशी लागून तेच सांगे, परत करून टाक बाई, जीव घेतला तिनं. डॉक्टर म्हणाले हृदय थकलं होतं, पण त्यांचं ऐकतो कोण? सोनारशेठ भेटायला आला, हात जोडून बसला आणि निघताना हळूच म्हणाला, "दीदी, वो ऑनलाइन वाला था न?" मयताच्या घरीही याचं दुकान उघडंच! मला असा संताप आला, पण त्याचं बोलणं काळजात रुतलंही. मी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात कारण विचारत होती. माप चुकलं? डिझाइन आवडलं नाही? खड्यात दोष? मी म्हटलं, लाभली नाही. ती म्हणाली, "मैम, ये ऑप्शन नहीं है." मी फोन ठेवला आणि मावशी गेल्यानंतर पहिल्यांदा ढसढसा रडले.

तेरवीला ऋचा आली. अंगठीची डबी मी कपाटात खोल लपवली होती. तिनं सरळ विचारलं, "मौसी-आजी ने उंगली में पहनी थी?" मी म्हटलं, हो. "जिस पे भरोसा नहीं, वो चीज़ उन्होंने कभी पहनी है?" नव्हतीच घातली कधी. पण मावशीला मी ओळखते. उशाखाली ठेवून तिचं समाधान झालं नसेल, असलं त्यात काही तर पुरतं आपल्याच अंगावर येऊ दे, म्हणूनही घातली असेल... हे मी ऋचाला बोलले. ती डोळे पुसून म्हणाली, "तो फिर जो था, वो ले गईं न अपने साथ." आणि हात पुढे केला. मी अंगठी तिच्या बोटात घातली.

आता ऋचा पुण्यात आहे, अंगठी तिच्या बोटात आहे आणि मी रोज सकाळी तिला फोन करते. झोप कशी लागली, एवढंच विचारते. ती वैतागते. "मम्मी, तुम बिल्कुल मौसी-आजी हो गई हो." झालेच आहे. एखाद्या दिवशी ती म्हणते, मस्त झोप लागली. त्या दिवशी दुपारी काही तरी निमित्त काढून मी पुन्हा फोन लावते. आणि ज्या सकाळी ती करवादते की मच्छरांनी जागवलं, शेजारचा कुत्रा भुंकत होता, डोळ्याला डोळा नाही लागला, त्या सकाळी मी निवांत चहा पिते.